तीन बिलं अडकली आणि पगार तोंडावर आलाय. मोठ्या गिऱ्हाइकाकडून पैसे काढायचे कसे?

पत्र्याची_शेड | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची वेळ आज आली.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी आणि वडिलांची एक जुनी लेथ, जी विकवत नाही. दोन पाळ्या मिळून २२ माणसं. माल आमचाच, बुश आणि पिना करून चाकणच्या एका मोठ्या कंपनीला देतो. नाव लिहीत नाही, उद्याही त्यांच्याच गेटवर टेम्पो लावायचाय.

अडकलेला आकडा असा: १२ मार्चचं बिल ४,७२,०००, २८ मार्चचं ३,५४,०००, १६ एप्रिलचं २,९५,०००. एकूण ११,२१,०००. यातला १,७१,००० जीएसटी मी कधीच भरून बसलोय. पैसे आले नाहीत म्हणून सरकार थांबत नाही.

त्यांच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पैसे द्यायची मुदत ९० दिवस छापलीय. तेही उलटून गेले. खरेदीवाले साहेब दर सोमवारी 'या आठवड्यात करतो' म्हणतात. गेल्या आठवड्यात नवीनच: 'मार्चच्या लॉटमध्ये रिजेक्शन निघालंय, १,१०,००० ची डेबिट नोट येईल.' म्हणजे बिलातून तेवढे कापणार. पाच महिन्यांनी! तोपर्यंत एक मेल नाही की परत आलेला एक पीस नाही.

जुलैचा पगार बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट ओढून केला. खरं सांगायचं तर जून आणि जुलैचा पीएफ कापलाय, पण भरलेला नाही. सरकारकडची लघुउद्योगाची उद्यम नोंदणी २०२१ पासून आहे. तिचा काही उपयोग असतो का? की ते सर्टिफिकेट भिंतीवर लावायलाच?

---

अण्णा_शिरोली | २० ऑगस्ट, रात्री ११:०५

भावा, आमच्या फाउंड्रीवाल्यांची रडकथा तूच लिहिलीस बघ. कोळसा रोख, भंगार रोख, वीज रोख आणि कास्टिंगचे पैसे शंभर दिवसांनी. मी एकदा रागाच्या भरात त्यांची डाय (साचा) अडकवून ठेवली होती. पुढचं विचारू नको.

---

खतावणी | २० ऑगस्ट, रात्री ११:५०

मी सीए आहे. पुण्यातल्या लहान कारखान्यांचीच कामं बहुतेक. आधी तुमच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल बोलतो, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे आणि तो तुम्ही स्वतः खणलाय.

पीएफचा कामगाराचा हिस्सा हा तुमचा पैसा नाही. तो कापून न भरणं म्हणजे विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा. ही थकबाकी नेहमीच्या उधारीत मोजू नका. १२ टक्के व्याज आणि वर दंड आहेच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात तेव्हाच्या आयकर कायद्यावर सांगून टाकलं होतं की कामगाराचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर भरला, तर आयकरात तो खर्च म्हणून कायमचा गेला. नंतर भरलात तरी वजावट नव्हती. ईएसआयचंही (कामगार विम्याचंही) तेच होतं. उद्या सकाळी उठून आधी ते भरा. सीसीतून भरा, पण भरा.

पगाराचंही सांगतो. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत तो द्यायचा, हे जुन्या कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तसंच आहे. 'गिऱ्हाइकाने दिले नाहीत' ही सबब चालत नाही. एखादा कंटाळून सोडून गेलाच, तर त्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा, हे मात्र नवीन आहे.

आता उद्यमकडे. सर्टिफिकेट भिंतीवरून काढा आणि बिलावर छापा.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम १५ म्हणतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. पीओवर ९० छापा नाहीतर १८० छापा. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस.

दिवस मोजायचे माल पोचल्यापासून. त्यांच्या सिस्टिममध्ये जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) कधी पडला ते सोडा, तुमच्या चलनावर गेटचा शिक्का कधीचा आहे? १२ मार्चचा असेल, तर २६ एप्रिलला मुदत संपली.

आणि डेबिट नोट. मालाबद्दल हरकत असेल तर ती १५ दिवसांत, लेखी. नाहीतर माल स्वीकारला असं कायदा धरून चालतो. फोनवरचं 'रिजेक्शन निघालंय' हे लेखी नाही आणि १५ दिवसांतलं तर नाहीच नाही.

व्याज कलम १६ मध्ये आहे: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. सोयीसाठी बँक रेट ६ धरला तर १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड. तुमच्या पहिल्या बिलावर चार महिन्यांचे २८,९६४ रुपये झाले. नेमका दर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

---

पत्र्याची_शेड | २१ ऑगस्ट, सकाळी ७:१५

पीएफचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं सांगितलंत. आज दोन्ही महिन्यांचं भरतो.

चलनं शोधली. गेटचा शिक्का तिन्हींवर बिलाच्याच तारखेचा आहे. २८ मार्चच्या चलनावर चहाचा डाग पडलाय, पण तारीख वाचता येते.

---

सुगरण_सातपूर | २१ ऑगस्ट, दुपारी १:३०

हे फक्त मालाला आहे का हो? माझं केटरिंग आहे, एका कंपनीला रोज १४० ताटं देते. पीओ वगैरे काही नाही, एचआरच्या मॅडम व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा टाकतात. बिल देते महिन्याचं, पैसे येतात त्यांच्या सवडीने. गहू आणि तेलवाला मात्र सवड देत नाही.

---

खतावणी | २१ ऑगस्ट, दुपारी २:१०

ताई, सेवेलाही लागू आहे. आणि लेखी मुदत ठरलेली नाही हे तुमच्या पथ्यावरच पडलं, तुम्हाला १५ दिवसांचाच नियम. ते व्हॉट्सअ‍ॅप पुसू नका, महिन्याच्या महिन्याला ईमेलवर काढून ठेवा. उद्यम आहे ना? नसेल तर आजच करा, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. कुणी एजंट तीन हजार मागेल, त्याला ताटभर जेवण घालून परत पाठवा.

नोंदणी करताना व्यवसायाचा प्रकार नीट निवडा. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम मिळतं, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. स्वतः कारखाना चालवणाऱ्या एकाने एजंटच्या कृपेने 'व्यापार' अशी नोंद करून घेतलेली मी पाहिली आहे. दुरुस्ती होईपर्यंत त्याचं प्रकरण पुढे सरकेना.

---

काळाकोट | २१ ऑगस्ट, रात्री ९:२०

खतावणींनी पाया घातलाय, मी वरचं बांधतो.

पैसे नाहीच दिले, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जायचं. आपल्याकडे त्या विभागवार आहेत. अर्ज ऑनलाइन होतो. समाधान पोर्टल २०१७ पासून आहे आणि २०२५ मध्ये त्याच मंत्रालयाने ऑनलाइन तंटा निवारणाचंही पोर्टल आणलं. सध्या कुठल्यावर अर्ज घेतायत ते परिषदेत फोन करून विचारून घ्या.

यात तीन गोष्टी पुरवठादाराच्या बाजूच्या आहेत. एक, प्रकरण तुमच्या गावच्या परिषदेत चालतं. कंपनीचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असलं तरी त्यांनीच इकडे यायचं. दुसरी, पीओच्या पाठीमागे बारीक अक्षरांत 'वाद दिल्लीच्या लवादाकडे' असं छापलेलं असतं ना, त्याला घाबरू नका. २०२२ च्या महाकाली फूड्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिषदेचा मार्ग वरचढ ठरवलाय. तिसरी मला सगळ्यात आवडते. परिषदेच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अपील टाकून दहा वर्षं झुलवत ठेवायची चैन तिथे परवडत नाही.

आता कडू भाग. कायदा म्हणतो ९० दिवसांत निकाल. माझ्या एका अशिलाला सव्वा वर्ष लागलं, त्यातली दोन तारखा समोरचा आलाच नाही म्हणून गेल्या. तेव्हा अर्ज म्हणजे उद्याचा पगार नव्हे. तीन वर्षांची मुदतही लक्षात ठेवा. 'संबंध बिघडतील' म्हणत चौथ्या वर्षी फाईल घेऊन येणारे माझ्याकडे दरमहा एक असतो.

उद्यमची तारीख माल देण्याआधीची हवी. सिल्पी इंडस्ट्रीजचा २०२१ चा निकाल तसा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेऊन मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला, पण त्या भरवशावर राहू नका. पत्र्याची_शेड, तुमची २०२१ ची आहे, तुम्हाला चिंता नाही.

---

सरळसोट | २१ ऑगस्ट, रात्री ९:४५

एवढं कशाला? एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) खेचा. नाहीतर फेसबुकवर कंपनीचं नाव टाका, दोन दिवसांत पैसे.

---

काळाकोट | २१ ऑगस्ट, रात्री १०:००

एनसीएलटीत दिवाळखोरीचा अर्ज करायला थकबाकी किमान एक कोटी लागते, मार्च २०२० पासून. इथे अकरा लाख आहेत. फेसबुकचं म्हणाल तर पैसे येतील न येतील, बदनामीची नोटीस नक्की येईल.

अण्णा, डायचं काय झालं ते सांगूनच टाका आता.

---

अण्णा_शिरोली | २१ ऑगस्ट, रात्री १०:३०

व्हायचं काय? त्यांचा माणूस दोन हवालदार घेऊन आला. डाय त्यांच्या मालकीची, माझ्याकडे नुसती वापरायला दिलेली. चहा पाजून परत दिली. पैसे मिळाले, पण निम्मे, आणि ऑर्डर गेली ती गेलीच.

---

काळाकोट | २१ ऑगस्ट, रात्री १०:४५

नेमकं हेच सांगायचं होतं. जॉबवर्कला त्यांनी माल दिला आणि त्यावर तुम्ही काम केलं, तर मजुरी मिळेपर्यंत तो माल ठेवून घ्यायचा हक्क करार कायद्यात आहे, तुम्ही उधारीवर काम करायचं कबूल केलं नसेल तर. डाय, पॅटर्न, गेज यांवर तो हक्क नाही. फरक बारीक आहे, पण हवालदार त्याच फरकावर येतो.

---

खरेदीखातं | २२ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मी पलीकडच्या टेबलावर बावीस वर्षं बसलोय. आता निवृत्त, म्हणून बोलतो.

पैसे अडवायचे म्हणून कुणी अडवत नाही (काही जण अडवतात, ते सोडा). महिन्यातून दोनदा पेमेंट काढतात. तेवढ्या दिवशी खात्यात जेवढे असतील तेवढ्यांची यादी होते. ज्याची कागदपत्रं पुरी आणि ज्याचा मेल साहेबांच्या साहेबांना गेलाय, त्याचं नाव वर. फोनवर गोड बोलणारा खाली. तुम्ही दर सोमवारी ज्यांना फोन करताय, त्या खरेदीवाल्याच्या हातात पैसे सोडायचा अधिकार बहुधा नसतोच. तो तुम्हाला पुढची ऑर्डर वेळेत यावी म्हणून गोड ठेवतोय.

मेल अकाउंट्सला करा. त्यात एकच तक्ता: पीओ क्रमांक, बिल क्रमांक, गेट शिक्क्याची तारीख, जीआरएन क्रमांक, रक्कम, मुदत कधी संपली, उशीर किती दिवसांचा. सोबत चलनं आणि उद्यम सर्टिफिकेट. जीआरएन क्रमांक माहीत नसेल तर तोच आधी मागा. निम्म्या वेळा घोळ तिथे असतो. माल स्टोअरच्या कोपऱ्यात पडलेला, क्वालिटीच्या पोराने तपासणीचा शिक्का मारलेला नाही आणि अकाउंट्सच्या लेखी तुमचं बिल जन्मालाच आलेलं नाही.

आणि एक. मार्च महिन्यात आम्ही सगळ्या पुरवठादारांना पत्र पाठवतो, 'आपण एमएसएमई आहात का, कळवा.' निम्मे उत्तरच देत नाहीत. मग सिस्टिममध्ये तुम्ही एमएसएमई नाही आणि तुमच्या बिलाला ४५ दिवसांचा लाल झेंडा लागत नाही.

---

पत्र्याची_शेड | २२ ऑगस्ट, दुपारी ३:००

ते पत्र आलं होतं. मला वाटलं जाहिरात आहे.

---

खतावणी | २२ ऑगस्ट, रात्री ८:१५

त्या लाल झेंड्यामागे काय आहे ते सांगतो, कारण तुमची खरी ताकद तिथे आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबर हेच तिचे दिवस.

१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला कलम १५ च्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. तुमची मार्चची दोन बिलं मिळून जीएसटी सोडून ७ लाख होतात. कंपनीचं गेल्या वर्षीचं करपात्र उत्पन्न तेवढ्याने फुगलं. त्यांचा टॅक्स ऑडिटर ३० सप्टेंबरच्या आधी हे अहवालात लिहिणार. एकट्या तुमचे ७ लाख त्यांना चिल्लर आहेत, पण तुमच्यासारखे शंभर असतात.

दुसरं हत्यार जीएसटीचं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराने त्या बिलावरच्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट (वजावट) व्याजासकट परत करायचं. तुमच्या पहिल्या बिलाचे १८० दिवस ८ सप्टेंबरला भरतात, दुसऱ्याचे २४ सप्टेंबरला. मेलमध्ये या तारखा लिहा. धमकीची भाषा नको. 'आपल्या माहितीसाठी' एवढंच. अकाउंट्सवाला ते वाचतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

कंपनी असेल तर ४५ दिवसांपुढची एमएसएमई थकबाकी सहामाही विवरणात कंपनी निबंधकालाही कळवावी लागते. पुढचं विवरण ३१ ऑक्टोबरला.

याची दुसरी बाजूही आहे, लपवत नाही. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हे कलम अंगावर आलं तेव्हा कापडबाजारात बोंबाबोंब झाली. काही मोठ्या खरेदीदारांनी लहान पुरवठादारांना 'उद्यम रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे' असं सुनावलं. मध्यम उद्योगाला हे कलम लागू नाही, त्यामुळे काही ऑर्डरी तिकडे सरकल्याही. माझ्या दोन अशिलांनी घाबरून नोंदणी रद्द केली. ऑर्डर टिकली, पैसे पूर्वीसारखेच चार महिन्यांनी येतात.

---

सुगरण_सातपूर | २२ ऑगस्ट, रात्री ९:००

म्हणजे भीतीच घातली की बाई. ऑर्डर गेली तर १४० ताटांचं मी काय करू?

---

खरेदीखातं | २२ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताई, हा प्रश्न खरा आहे. माझ्या बावीस वर्षांत थकबाकी मागितली म्हणून पुरवठादार काढलेला मी पाहिला, खोटं बोलणार नाही. पण तो दुसरीकडून पंधरा दिवसांत मिळण्यासारखा माल देणारा होता. पॅकिंगची खोकी, हातमोजे, असं. ज्याचा पार्ट लाईनवर चढतो आणि नवा पुरवठादार मंजूर करायला चार महिने जातात, त्याला काढत नाहीत, फक्त तसं भासवतात. आपण कुठल्या जातीचे ते आधी ओळखायचं. रोजचं गरम जेवण सहजी बदलत नाही कुणी, कामगार आधी बोंबलतात.

---

पेठेतला_हिशेब | २३ ऑगस्ट, सकाळी १०:१०

ट्रेड्सबद्दल, म्हणजे बिलं ऑनलाइन वटवायच्या मंचाबद्दल, कुणी बोललं नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या मंचावर नोंदणी सक्तीची आहे, त्यांची असणारच. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट असे मंच आहेत. कंपनीने बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात, थोडी कपात होऊन. पुढे कंपनीने बुडवलं तर बँक कंपनीच्या मागे जाते, तुमच्या नाही. अडचण एकच, कंपनीने 'मान्य' हे बटण दाबायला हवं. जुन्या भांडणातल्या बिलांना उपयोग नाही. नव्या पीओत अट घालून बघा.

---

काळाकोट | २३ ऑगस्ट, सकाळी १०:५०

आणखी एक सापळा. मेल गेला की ते 'बॅलन्स कन्फर्मेशन' (बाकी किती ते मान्य करायचं पत्र) पाठवतील. रक्कम बरोबर असेल तर उत्तमच. त्यांनी सहीनिशी कबूल केलेली थकबाकी म्हणजे तीन वर्षांची मुदत तिथून नव्याने सुरू. पण त्यात डेबिट नोट वजा करून १०,११,००० लिहिलेले असतील आणि तुम्ही 'चला, दहा तर येतायत' म्हणून सही केलीत, तर वरच्या १,१०,००० वर आणि व्याजावर पाणी सोडलंत. सही करताना 'डेबिट नोट अमान्य, व्याजाचा हक्क राखून' असं हाताने लिहा.

---

पत्र्याची_शेड | २४ ऑगस्ट, रात्री ११:३०

मेल गेला. तक्ता खरेदीखातं यांनी सांगितला तसाच, तारखा खतावणींच्या. लिहिताना तीनदा 'कृपया' घातलं, मुलीने दोन काढले.

जीआरएन मागितले तर दुसऱ्या बिलाचा निघालाच नाहीये! पाच महिने ते बिल त्यांच्या लेखी नव्हतंच. चहाच्या डागाचं चलन स्कॅन करून पाठवलं.

---

अण्णा_शिरोली | २५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

नाद खुळा! कळव काय होतंय ते.

---

पत्र्याची_शेड | ९ सप्टेंबर, रात्री ९:१०

कळवतो.

४ तारखेला ४,७२,००० जमा झाले. ८ च्या आधी, लक्षात घ्या. ऑगस्टचा पगार ७ च्या आत झाला, पीएफ-ईएसआयही लगेच भरून टाकलं. सीसी थोडी खाली आली.

दुसऱ्या बिलाचा जीआरएन २९ ऑगस्टला पडला, अकाउंट्सच्या बाईंनी 'पुढच्या यादीत' असं मेलवर लिहून दिलंय. फोनवर नाही, मेलवर. डेबिट नोट आली, तीही मेलवर. मी लिहिलं की माल १२ मार्चला पोचला, १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, नाकारलेले पीस परतही आले नाहीत, सबब अमान्य. त्यावर अजून उत्तर नाही. व्याजाचं बिल मी लावलेलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही, खरं सांगतो. काळाकोट रागावतील.

काल नवा पीओ आला. त्यावर पुन्हा ९० दिवस. मी स्वीकृतीच्या मेलमध्ये '४५ दिवस, उद्यम क्रमांक अमुक' असं लिहून पाठवलं. संध्याकाळी खरेदीवाल्या साहेबांचा फोन: 'शेठ, फारच शिकलात हो तुम्ही.' मी म्हटलं, 'साहेब, टेम्पो उद्या आठला लावतो.' 'लावा,' म्हणाले.

एप्रिलचे २,९५,००० बाकी आहेत. त्याचे १८० दिवस १३ ऑक्टोबरला भरतात, कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय.